वेगवेगळ्या कंपन्यांचे स्मार्ट मीटर एकाच भाषेत बोलायला हवेत: समान स्टँडर्ड कसं लिहायचं, पायरी पायरीनं

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत एका बेदाणा कोल्ड स्टोरेजच्या पॅनलसमोर मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. पॅनलवर चार सबमीटर ओळीनं, चारी डिजिटल, चारींच्या बिलावर 'स्मार्ट' लिहिलेलं, आणि कंपन्या तीन. पहिल्या मीटरच्या तोंडावरच्या गोल लोखंडी चकतीला ऑप्टिकल प्रोब (उजेडाच्या सिग्नलनं मीटर वाचणारी केबल) लावला, चुंबकानं टक्कन चिकटला, रिडिंग आलं. तोच प्रोब दुसऱ्याला लावला तर सॉफ्टवेअर नुसतं फिरत बसलं. तिसऱ्यानं आकडे दिले पण ते शंभर पटीनं मोठे, आणि चौथ्याचं घड्याळ चाळीस मिनिटं मागं. शेवटी दिवाणजी जे आधी करत होते तेच आम्ही केलं, वही काढली आणि डिस्प्लेवरचे आकडे हातानं उतरवून घेतले. मीटरला पैसे घातले, वायरिंगला घातले, आणि मेन मीटरशी बेरीज काही जुळेना.

त्यानंतर आसपासच्या काही युनिटवाल्यांनी मिळून ठरवलं की इथून पुढं मीटर कुठल्याही कंपनीचा घ्या, पण आपला एक सामाईक टेक्निकल कागद असेल आणि त्यात बसेल तोच मीटर पॅनलवर चढेल. तो कागद तयार करताना जे शिकलो ते इथं सगळं लिहितोय. कोल्ड स्टोरेज, फौंड्री, पाणीपुरवठा संस्था, मोठी सोसायटी, कॉलेज कॅम्पस, कुणालाही हे लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. महावितरणचा बिलिंग मीटर हा आपला विषय नाही, त्याचं सील, त्याची टेस्टिंग, त्याचं सेटिंग सगळं त्यांच्याकडं, तिथं हात लावायचा नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २००६ च्या मीटर रेग्युलेशनमध्ये इंटरफेस मीटर, ग्राहक मीटर आणि एनर्जी अकाउंटिंग-ऑडिट मीटर असे तीन प्रकार दिलेत. आपण बोलतोय ते बिलिंग मीटरच्या पुढं, आपल्या पॅनलमध्ये आपण स्वतः बसवतो त्या सबमीटरबद्दल. पण आपला सबमीटर बिलिंग मीटरच्याच पद्धतीनं मोजत असेल तरच दोघांची तुलना होते, म्हणून त्यांचे नियम माहिती असायलाच पाहिजेत.

स्टँडर्ड म्हणजे नेमकं कशाचं?

बऱ्याच जणांना वाटतं की 'डीएलएमएस सपोर्ट आहे' किंवा 'मॉडबस आहे' (दोन्ही मीटरनं कॉम्प्युटरशी बोलायच्या भाषा) असं कॅटलॉगमध्ये दिसलं की काम झालं, पण तसं नसतं. मिरजेत बसून विजापूरला फोन लावला, फोन लागला, आवाज पण स्वच्छ येतोय, पण समोरचा कन्नड बोलतोय आणि आपल्याला कन्नड येत नाही, तर फोन लागून उपयोग काय? मीटरचं पण असंच असतं. वायर आणि सिग्नल ही एक पातळी, प्रोटोकॉल म्हणजे बोलायची भाषा ही दुसरी, आणि आकड्याचा अर्थ ही तिसरी. भांडणं सगळी तिसऱ्या पातळीवर होतात. 'केव्हीएएच' (युनिटसारखंच मोजमाप, पण काम न करता नुसती ये-जा करणारी वीज पण धरून) असा एकच शब्द दोन कंपन्या वापरतात आणि दोघी वेगळं मोजतात, त्याचं उदाहरण पुढं देतो.

पहिली पायरी: मीटर नंतर, आधी प्रश्न

कागद लिहायला बसायच्या आधी जे लोक आकडे वापरणार त्यांना एका टेबलावर बसवा. नुसता इलेक्ट्रिशियन आणि मीटर विकणारा एवढेच बसले तर कागद त्यांच्या सोयीचा होतो. दिवाणजी पाहिजेत, कॉम्प्रेसर चालवणारा ऑपरेटर पाहिजे, मालक पाहिजे, आणि कॉम्प्युटरवर रिपोर्ट काढणारा पोरगा पाहिजे. प्रत्येकाला एकच विचारा, की तुला या मीटरला काय विचारायचंय.

आमच्याकडं निघालेले प्रश्न साधे होते. तीन नंबर चेंबरला महिन्यात किती युनिट गेले, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाचं भाडं नीट लावता येईल. एमडी (महिन्यातली सगळ्यात जास्त मागणी) कुठल्या तारखेला किती वाजता लागली. रात्रीच्या स्लॉटमध्ये कॉम्प्रेसर खरंच चालला का. लाईट गेली ती किती वेळ, कारण चेंबरचं तापमान चढलं तर जबाबदारी कुणाची हा वाद दरवर्षी होतो. आता प्रत्येक प्रश्नासमोर लिहा की उत्तराला कुठला आकडा लागेल, किती मिनिटांच्या अंतरानं लागेल आणि किती दिवस साठवून लागेल. जो आकडा कुणीच मागितला नाही तो कागदात घालू नका. मीटर शंभर गोष्टी देतो म्हणून शंभर मागितल्या की किंमत वाढते आणि टेस्टिंग कुणीच करत नाही.

दुसरी पायरी: आधीच लिहून ठेवलेलं वाचा

यात लाज वाटायचं कारण नाही, सरळ उचला. आपल्याकडं पूर्वी प्रत्येक मीटर कंपनीची स्वतःची भाषा असायची, वीज कंपन्यांना सुद्धा प्रत्येक मेकसाठी वेगळं रिडिंग सॉफ्टवेअर ठेवावं लागायचं. हे मोडायला २०११ साली आयएस (भारतीय मानक) १५९५९ आलं. त्याचा पाया डीएलएमएस-कोसेम, म्हणजे आयईसी ६२०५६ ही आंतरराष्ट्रीय मालिका, आणि त्यात भारताला काय काय पाहिजे ते ठरवून दिलेलं. मग २०१५ ला स्मार्ट मीटरसाठी आयएस १६४४४ आलं, २०१६ ला त्याच्या डेटासाठी आयएस १५९५९ चा भाग २, आणि २०१७ ला सीटीवर (मोठा करंट लहान करून मीटरला देणारा ट्रान्सफॉर्मर) चालणाऱ्या मीटरसाठी आयएस १६४४४ चा भाग २ आणि आयएस १५९५९ चा भाग ३. हे सगळं भारतीय मानक ब्युरोच्या ईटीडी १३ या समितीचं काम. ब्युरोच्या साईटवर नाव नोंदवलं की आयएस फुकट डाउनलोड होतात, तेव्हा विकणाऱ्याच्या तोंडी माहितीवर राहू नका. तुमच्या फीडरला (पॅनलच्या लाईनला) सीटी असेल तर १६४४४ चा भाग २ आणि १५९५९ चा भाग ३ वाचा, १६४४४ च्या २०१५ च्या पहिल्या भागातला थेट जोडणीचा मीटर तुमच्या कामाचा नाही.

बाहेरच्यांनी पण या चुका केल्यात. ब्रिटनमध्ये पहिल्या पिढीचे स्मार्ट मीटर बसले आणि ग्राहकानं वीज पुरवणारी कंपनी बदलली की बऱ्याच मीटरचा स्मार्टपणा संपायचा, नव्या कंपनीला तो वाचताच यायचा नाही. युरोपियन कमिशननं २००९ च्या मार्चमध्ये एम/४४१ नावाचा आदेश काढून तिथल्या तीन मानक संस्थांना सांगितलं की वीज, गॅस, पाणी, उष्णता सगळ्या मीटरसाठी एकमेकांशी जुळणारी खुली रचना करा. आपल्याकडं २०२१ च्या आरडीएसएस या वीज वितरण सुधारणा योजनेत देशभर २५ कोटी स्मार्ट मीटरचं टार्गेट ठेवलं. एवढ्या संख्येत भाषा एक नसती तर काय झालं असतं याचा विचार करा.

तिसरी पायरी: डेटाचा तक्ता, इथं घाई नको

हा कागदाचा गाभा आहे, आमचे तीन आठवडे यातच गेले आणि ते गेले ते बरंच झालं.

डीएलएमएसमध्ये प्रत्येक आकड्याला सहा भागांचा पत्ता असतो, त्याला ओबिस कोड म्हणतात. इम्पोर्टचे एकूण युनिट १.०.१.८.०.२५५, एक्स्पोर्टचे १.०.२.८.०.२५५, केव्हीएएच इम्पोर्ट १.०.९.८.०.२५५, घड्याळ ०.०.१.०.०.२५५, ब्लॉकवार लोड प्रोफाइल (ठराविक मिनिटांच्या तुकड्यातुकड्यानं झालेला वापर) १.०.९९.१.०.२५५. तक्त्यात प्रत्येक ओळीला मराठीत नाव, ओबिस कोड, एकक, किती दशांश, किती वेळानं आणि किती दिवस साठवायचं एवढे रकाने ठेवा. मॉडबसचा मीटर असेल तर ओबिसच्या जागी रजिस्टर नंबर, आणि तिथं फ्लोटचे (दशांश असलेल्या आकड्याचे) दोन तुकडे कुठल्या क्रमानं येतात ते लिहायलाच पाहिजे, नाहीतर २३० व्होल्टच्या जागी भलताच आकडा येतो.

आता वर म्हटलेल्या शंभर पटीची गोष्ट. डीएलएमएस मीटर आकडा पाठवताना सोबत स्केलर देतो. मीटरनं १२३४५ पाठवलं आणि स्केलर उणे दोन असेल तर खरा आकडा १२३.४५. आमच्या सॉफ्टवेअरनं स्केलर वाचलाच नव्हता, पहिल्या कंपनीचा स्केलर शून्य होता म्हणून तिथं कुणाच्या लक्षात आलं नाही आणि तिसरीकडं उघडं पडलं. म्हणून कागदात स्पष्ट वाक्य घाला: रिडिंग सॉफ्टवेअरनं स्केलर आणि एकक मीटरमधूनच वाचलं पाहिजे, गृहीत धरायचं नाही. लोड प्रोफाइलच्या रकान्यांचा क्रम पण तसाच, मीटरला विचारून घ्यायचा.

आणि केव्हीएएच. महाराष्ट्रात एचटी (उच्चदाब) ग्राहकांना २०२० पासून केव्हीएएचवर बिल येतं, त्यामुळं हा आकडा थेट खिशाशी जोडलेला आहे. काही मीटर फक्त लॅग (मोटारींमुळं मागं पडणारा करंट) धरून केव्हीएएच काढतात, लीड (कपॅसिटरमुळं पुढं जाणारा) असेल तर पीएफ म्हणजे पॉवर फॅक्टर एक धरतात. काही मीटर लॅग आणि लीड दोन्ही धरतात. समजा १०० युनिट वापरले आणि कपॅसिटर जास्त लागून राहिल्यामुळं ४८ केव्हीएआरएच (त्या नुसत्या ये-जा करणाऱ्या विजेचं मोजमाप) लीड गेलं. पहिल्या प्रकारचा मीटर १०० केव्हीएएच दाखवेल, दुसरा साधारण १११ दाखवेल. दोघांपैकी खराब कुणीच नाही, पण एक मेनला आणि एक चेंबरला लावला तर बेरीज जन्मात जुळणार नाही. तुमचा बिलिंग मीटर कसा मोजतो ते विचारून घ्या आणि कागदात सगळ्या सबमीटरना तीच पद्धत सक्तीची करा. छतावर सोलर असेल तर इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट वेगळे साठतात का हे पण इथंच लिहा, कारण काही मीटर उलटी गेलेली वीज पण इम्पोर्टमध्येच मोजतात.

चौथी पायरी: घड्याळ

१५ मिनिटांचा ब्लॉक धरला तर दिवसाला ९६ ब्लॉक होतात. त्यात '१०:००' असा शिक्का आला तर तो पावणेदहा ते दहाचा की दहा ते सव्वादहाचा? ब्लॉकची सुरुवात का शेवट, हे कागदात एका वाक्यात लिहा. स्लॉटप्रमाणं दर बदलतो तिथं एवढ्यानंच हिशेब चुकतो. रोज एकदा सगळ्या मीटरचं घड्याळ एकाच ठिकाणावरून जुळवायचं, आणि किती सेकंद फरक पडला त्याची नोंद ठेवायची. एमडी किती मिनिटांच्या ब्लॉकवर काढतात ते बिलिंग मीटरप्रमाणंच ठेवा.

अजून एक, लाईट गेली किंवा सिग्नल गेला आणि ९६ ऐवजी ९० ब्लॉक आले तर उरलेले सहा शून्य धरायचे नाहीत, 'माहिती नाही' असंच दिसलं पाहिजे. शून्य म्हणजे कॉम्प्रेसर बंद होता, आणि माहिती नाही म्हणजे आपल्याला कळलं नाही. भाड्याच्या वादात या दोन्हींत फार अंतर आहे.

पाचवी पायरी: वायर, सीटी आणि बसवायची उंची

आरएस-४८५ ची (मीटरचा डेटा नेणाऱ्या वायरची) लाईन एका मीटरवरून दुसऱ्यावर अशी माळेसारखी न्यायची, मधून फाटे फोडायचे नाहीत, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, एका लाईनवर साध्या हिशेबानं ३२ डिव्हाइस, लांबी जास्तीत जास्त १२०० मीटर. व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) पॉवर केबलसोबत एकाच ट्रेमधून ही वायर नेऊ नका. बॉड रेट (डेटाचा वेग), पॅरिटी (चूक पकडायची खूण) आणि मीटरचा पत्ता सगळ्यांसाठी कागदात ठरवून टाका. मोबाईल सिमवर चालणारा मॉड्यूल असेल तर पत्र्याच्या शेडमध्ये आणि पफ पॅनलच्या (चेंबरच्या फोम भरलेल्या भिंतींच्या) आत सिग्नल मिळतो का ते आधी तिथं जाऊन बघा, आणि मॉड्यूल मीटरचं सील न तोडता बदलता आला पाहिजे अशी अट घाला.

सीटीबद्दल जरा जोरात बोलतो. सीटीच्या पाटीवर १०० बाय ५ (म्हणजे १०० अँपिअरचे ५ अँपिअर) आणि मीटरमध्ये सेटिंग ६० बाय ५, असं असेल तर १०,००० युनिट गेले तरी मीटर ६,००० च दाखवतो. आमची बेरीज न जुळण्याचं मोठं कारण हेच निघालं. स्टँडर्डमध्ये अट अशी ठेवा की सीटी रेशो मीटरच्या डिस्प्लेवर दिसला पाहिजे, बदलला तर इव्हेंट म्हणून नोंद झाली पाहिजे, आणि बसवताना क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेज मोजून सही झाली पाहिजे.

पुराच्या हिशेबानं उंची हा मुद्दा बाहेरच्या बऱ्याच नमुन्यांत तुम्हाला सापडणार नाही, पण सांगलीत तो पाहिजेच. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे. पाणी उतरल्यावर गावभागातल्या एका गोडाऊनमधला मीटर मी स्वतः उघडला होता, टर्मिनलच्या स्क्रूवर हिरवट थर, आत चिखलाची पातळ पापडी, आणि सगळा साठवलेला डेटा गेलेला. इनडोअर मीटरला साधारण आयपी ५१ असतं, म्हणजे धूळ आणि वरून पडणारे थेंब, पुरात बुडायला ते नाही. म्हणून नदीकाठच्या जागांसाठी आम्ही लिहिलं की मीटर आणि गेटवे (सगळ्या मीटरचा डेटा गोळा करून पुढं पाठवणारा डबा) त्या जागेवरच्या २०१९ च्या पूररेषेच्या वर, आणि डेटाची कॉपी रोज दुसऱ्या ठिकाणी.

सहावी पायरी: पासवर्ड कुणाचे?

आयएस १५९५९ मध्ये मीटरशी बोलायचे तीन दरवाजे सांगितलेत. पब्लिक क्लायंटला जुजबी माहिती मिळते, मीटर रीडरला पासवर्ड देऊन वाचता येतं, आणि युटिलिटी सेटिंगला जास्त कडक सुरक्षेनं बदल करता येतात. खरेदी करताना लोक याकडं बघतच नाहीत. माझ्या ओळखीच्या एका युनिटमध्ये मीटर चांगले होते, पण पुरवणाऱ्यानं धंदा बंद केला आणि पासवर्ड आणि की (मीटर उघडायच्या डिजिटल किल्ल्या) सगळं त्याच्याकडंच राहिलं. एकोणीस मीटर भिंतीवर चालू, आणि टॅरिफ स्लॉट बदलायचा तर एकालाही हात लावता येईना.

अट अशी लिहा: प्रत्येक मीटरची की वेगळी, सगळ्या की बंद पाकिटात आणि एनक्रिप्ट केलेल्या फाइलमध्ये मालकाच्या ताब्यात मिळाल्याशिवाय शेवटचं पेमेंट नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर पासवर्ड टाकायचे नाहीत, कुणीही मागितले तरी.

सातवी पायरी: कागद लिहायचा कसा

भाषा साधी ठेवा पण दोन शब्द जपून वापरा, 'असलंच पाहिजे' आणि 'असल्यास बरं'. पहिला असेल ती अट टेस्ट करता आलीच पाहिजे. 'मीटर दर्जेदार असावा' हे वाक्य टेस्ट होत नाही, काढून टाका. 'अचूकता वर्ग १.०, सीटी मीटरसाठी ०.५एस, सोबत मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट' हे टेस्ट होतं.

मानक ब्युरोची पद्धत आम्ही छोट्या प्रमाणात उचलली. ते मसुदा सगळ्यांना अभिप्रायासाठी पाठवतात, अभिप्राय तक्त्यात येतो, समिती एकेक घेऊन निर्णय लिहिते. आम्ही चार रकाने केले: कलम नंबर, हरकत, त्याजागी काय पाहिजे, काय ठरलं. 'हे बरोबर नाही' एवढंच लिहिलेलं घेतलं नाही, बदली वाक्य द्यायलाच लावलं. सगळ्यात कामाची हरकत एका वायरमनची होती, की टर्मिनल कव्हरचं भोक एवढं लहान आहे की लग्ज (केबलच्या टोकाची धातूची टोपणं) लावलेली केबल आत जात नाही, मग आम्ही कव्हर कापतो आणि सील लावून उपयोग राहत नाही. हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नसतं. मीटर विकणाऱ्यांना पण मसुदा द्या, पण मतदानात घेऊ नका. आणि राष्ट्रीय पातळीवरचा मसुदा अभिप्रायासाठी खुला असेल तर तिथं पण लिहून पाठवा, सामान्य माणसाला पाठवता येतं, आणि आपल्याकडच्या पुराचे, व्होल्टेजचे अनुभव तिथं पोचायला पाहिजेत.

आठवी पायरी: टेस्ट, दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरनं

विकणारा स्वतःच्या लॅपटॉपवर रिडिंग दाखवतो ती टेस्ट नाही. निदान दोन कंपन्यांचे मीटर आणि दोन वेगळी सॉफ्टवेअर घ्या, चारी जोड्या चालल्या पाहिजेत. सगळे मीटर एकाच लोडवर चोवीस तास ठेवा. वर्ग १ चे (एक टक्क्यापर्यंत चूक चालणारे) दोन मीटर असतील तर एक थोडा पुढं आणि एक थोडा मागं असं धरून दोन टक्क्यांपर्यंत फरक समजण्यासारखा आहे, त्याच्या वर गेला तर थांबा आणि कारण शोधा.

मग मुद्दाम त्रास द्या. सप्लाय बंद करा, परत चालू करा, इव्हेंट लॉगमध्ये १०१ आणि १०२ (लाईट गेली आणि आली याचे कोड) वेळेसकट आलं पाहिजे. चुंबक जवळ न्या, २०१ आलं पाहिजे. मीटरचं कव्हर उघडा, २५१ आलं पाहिजे. घड्याळ दहा मिनिटं मागं करून बघा सिस्टीम ओळखते का. आरएस-४८५ ची वायर तासभर काढून ठेवा आणि परत लावल्यावर मधले ब्लॉक मीटरच्या मेमरीतून येतात का बघा. आमच्या टेस्टला तीन मीटर आले होते, पहिल्याच दिवशी सगळ्या अटींत एकच बसला. बाकी दोन कंपन्यांनी महिनाभरात फर्मवेअर (मीटरच्या आतलं सॉफ्टवेअर) दुरुस्त करून आणलं, म्हणजे जमतं त्यांना, कुणी लेखी मागितलं नव्हतं एवढंच.

पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) काय लिहायचं

स्टँडर्डचा आवृत्ती नंबर आणि तारीख पीओवर टाका, 'आमच्या स्टँडर्डप्रमाणे' एवढं मोघम नको. पेमेंटचा एक हिस्सा क्रॉस-टेस्टवर अडकवून ठेवा. नंतर येणारं फर्मवेअर अपडेट पण त्याच टेस्टमधून गेलं पाहिजे, कारण चालू असलेला मीटर अपडेटनंतर वाचायचा बंद झालेला मी बघितलाय. जुने मीटर लगेच काढून टाकायची गरज नाही, ते गेटवेमधून त्याच तक्त्यात बसवता येतात, फक्त त्यांच्या आकड्यापुढं 'जुना' अशी खूण ठेवा. पहिले तीन महिने दिवाणजींची वही बंद करू नका, दर सोमवारी एकाच वेळी डिस्प्लेचं रिडिंग आणि सिस्टीमचं रिडिंग शेजारी शेजारी लिहा.

आणि प्रत्येक पॅनलच्या दाराला आतून एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवा. त्यावर मीटर नंबर, कुठल्या चेंबरचा, सीटीच्या पाटीवरचा रेशो, मीटरमधला रेशो, लाईनवरचा पत्ता, स्टँडर्डची आवृत्ती, बसवल्याची तारीख आणि बसवणाऱ्याची सही. दोन्ही रेशो एकाखाली एक लिहा. कुपवाडच्या त्या पॅनलवर हा कागद असता तर ६० आणि १०० एकाखाली एक बघून दिवाणजींनीच पहिल्या दिवशी विचारलं असतं की हे दोन वेगळे का आहेत.